जुन्या भयपट मालिकेचा नवा भाग कसा उभा करावा

भयपटांच्या जुन्या मालिका सहसा संपत नाहीत, नुसत्या पडून राहतात. 'फायनल डेस्टिनेशन'चा पाचवा भाग २०११ साली आला आणि सहावा, 'ब्लडलाइन्स', थेट २०२५ साली. इतक्या वर्षांची धूळ झटकून आलेल्या या भागाने जगभरात ३० कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला. आधीच्या पाच भागांपैकी एकालाही हे जमलं नव्हतं. दुसरीकडे, 'द एक्झॉर्सिस्ट'चे तीन नवे भाग काढण्याच्या हक्कांसाठी २०२१ साली सुमारे ४० कोटी डॉलर मोजले गेल्याच्या बातम्या आल्या. त्यातला पहिला भाग 'बिलीव्हर' २०२३ साली झळकला, त्याला थंडा प्रतिसाद मिळाला, पुढच्या दोन भागांचा बेत गुंडाळला गेला आणि दिग्दर्शकही बाजूला झाला.

नाव दोन्हीकडे मोठं होतं. तेव्हा नवख्या लेखक-दिग्दर्शकांनी आणि निर्मात्यांनी 'नाव आहे म्हणजे प्रेक्षक येणारच' हा हिशेब पहिल्याच दिवशी बाजूला ठेवावा. माझं म्हणणं असं, की टिकलेल्या प्रत्येक भयपट मालिकेच्या तळाशी भीतीचा एक साधा नियम असतो. तो नियम राखायचा आणि बाकी सगळ्यावर मधल्या वर्षांचा परिणाम होऊ द्यायचा. हे काम कोणत्या क्रमाने करावं, ते पुढे सांगतो. उदाहरणं बहुतेक हॉलिवूडची आहेत, कारण असे प्रयोग तिथे सर्वाधिक झाले आहेत. काही चित्रपटांची गुपितं मात्र फुटतील, तेवढी तयारी ठेवा.

आधी सगळे भाग पाहा, वही घेऊन

प्रदर्शनाच्या क्रमाने पाहा. गाजलेले तेवढेच पाहून भागत नाही. पडलेले भाग जास्त शिकवतात. प्रत्येक भाग पाहताना तीन गोष्टी टिपून ठेवा. पडद्यावर काहीच घडत नसताना भीती कुठे वाटली? त्या दुष्ट शक्तीला काय करता येतं आणि काय येत नाही? पात्रांच्या आधी प्रेक्षकाला काय कळतं?

सगळे भाग संपले की मालिकेचा नियम एका वाक्यात लिहा. त्या वाक्यात मुखवटा, हत्यार किंवा गावाचं नाव येता कामा नये. 'फायनल डेस्टिनेशन'मध्ये मारेकरीच नाही. मरणाच्या यादीतून कोणी निसटला, तर मरण त्याला क्रमाने गाठतं आणि त्यासाठी घरातली कुठलीही साधी वस्तू वापरतं. 'स्क्रीम'चा नियम असा, की मारेकरी तुमच्या ओळखीतलाच आहे आणि भयपट त्यानेही पाहिले आहेत, तुम्हीही. 'ईव्हिल डेड'मध्ये ज्याच्यावर जीव आहे त्याच्याच अंगात ती शक्ती शिरते आणि तुमच्या मायेचा वापर तुमच्याविरुद्ध करते.

हे वाक्य सापडलं की काय बदलता येईल, ते आपोआप दिसू लागतं. २०२३ च्या 'ईव्हिल डेड राइझ'ने जंगलातली झोपडी सोडली, जुना नायक सोडला आणि गोष्ट लॉस एंजेलिसमधल्या एका जुनाट इमारतीत नेली. तिथे एका आईच्या अंगात ती शक्ती शिरते आणि समोर तिचीच मुलं असतात. जागा बदलली, माणसं बदलली, पण नियम पूर्वीपेक्षा धारदार झाला.

उलट उदाहरणही लक्षात ठेवा. १९८२ साली 'हॅलोविन'च्या तिसऱ्या भागात या मालिकेचा मुखवटाधारी मारेकरी मायकेल मायर्सच नव्हता. दर भागात वेगळी गोष्ट सांगायची, अशी त्यामागची कल्पना होती. आज त्या चित्रपटाचे चाहते पुष्कळ आहेत, पण तेव्हाच्या प्रेक्षकांना तो पचला नाही आणि १९८८ चा चौथा भाग मायकेलचं परतणं थेट नावात घेऊनच आला. काही मालिकांमध्ये नियम आणि तो पाळणारा मारेकरी वेगळे काढता येत नाहीत. तुमची मालिका त्यातली आहे का, हे कथा सुचण्याआधी ठरवा.

वहीत आणखी एक यादी करा: पुढच्या भागांनी मूळ कल्पनेवर काय काय चढवलं. नातीगोती, शाप, गुप्त पंथ, खलनायकाचं दुःखी बालपण. यातलं बरंचसं पटकथा अडली तेव्हा घातलेलं असतं. प्रत्येक खुलाशाने भीती थोडी कमी होते. ही यादी पुढे लागणार आहे.

हक्क कोणाकडे आहेत?

या पायरीवर मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण नवखे लोक इथेच घाई करतात. कथा सुचते, मित्रांना आवडते, सहा महिने लिहिण्यात जातात आणि मग कळतं की ज्या पात्रावर सगळं उभं आहे ते वापरण्याची परवानगी देणारा माणूसच सापडत नाही, किंवा अशी तीन माणसं सापडतात आणि ते एकमेकांशी भांडत असतात.

'फ्रायडे द थर्टीन्थ'चं पाहा. १९८० च्या मूळ चित्रपटाची पटकथा व्हिक्टर मिलर यांनी लिहिली होती. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात अशी तरतूद आहे, की १९७८ पासून पुढे लेखकाने हक्क दिले असतील तर साधारण ३५ वर्षांनी तो ते परत मागू शकतो. मात्र ते लेखन त्याने पगारी नोकर म्हणून केलेलं नसावं. मिलर यांनी हक्क परत मागितले. निर्मात्यांचं म्हणणं होतं की ते नोकरीतच होते. खटला वर्षानुवर्षं चालला आणि २०२१ साली अपील न्यायालयाने मिलर यांच्या बाजूने कौल दिला. पण हा कौल अमेरिकेपुरता आणि मूळ पटकथेपुरता. पहिल्या चित्रपटात मारेकरी पुढे गाजलेला जेसन नाही, त्याची आई आहे. जेसनचा हॉकीचा मुखवटा तर १९८२ च्या तिसऱ्या भागात आला. म्हणजे ज्या रूपात सारं जग जेसनला ओळखतं, ते रूप मिलर यांच्या पटकथेत नाहीच. २००९ नंतर या मालिकेचा एकही चित्रपट पडद्यावर आलेला नाही, त्यामागे हा गुंता मोठाच आहे.

म्हणून 'या चित्रपटाचे हक्क' असा एकच गठ्ठा असतो असं समजू नका. पटकथा, पात्रं, नाव, संगीत, जुन्या चित्रपटातली दृश्यं आणि मुखवट्यासारखी वस्तू, यांचे मालक वेगवेगळे असू शकतात. 'स्क्रीम'चा सुप्रसिद्ध मुखवटा चित्रपटासाठी घडवलेलाच नव्हता. चित्रीकरणाच्या जागा शोधताना एका घरात तो सापडला. तो फन वर्ल्ड या वेशभूषेचं सामान बनवणाऱ्या कंपनीचा होता आणि त्याचा परवाना त्या कंपनीकडूनच घ्यावा लागतो. 'हॅलोविन'मध्ये १९७८ पासून निर्माते अक्कड कुटुंबाचा हक्क आहे, त्यामुळे स्टुडिओ कितीही बदलले तरी बोलणी त्यांना धरूनच होतात.

हक्कांना मुदतही असते. ठरलेल्या काळात चित्रपट काढला नाही तर हक्क मूळ मालकाकडे परत जातात, अशी अट करारात असते. त्या धाकाने घाईघाईत उरकलेले भाग भयपटांच्या इतिहासात बरेच आहेत; २०११ चा 'हेलरेझर'चा भाग हे त्यातलं कुप्रसिद्ध उदाहरण. तुमच्या मालिकेत असा एखादा केविलवाणा भाग दिसला, तर त्याच्या मागे कोणता करार होता ते शोधा. त्यातून हक्कांची सद्यःस्थिती बरीच उलगडते.

प्रत्यक्षात काय करायचं? पहिल्या चित्रपटापासून आजपर्यंत हक्क कोणाकडून कोणाकडे गेले, त्याची साखळी कागदोपत्री तयार करायची. अमेरिकन चित्रपट असेल तर तिथल्या कॉपीराइट कार्यालयाच्या नोंदींपासून सुरुवात करा. त्यानंतर मनोरंजन क्षेत्रातलाच वकील गाठा. जमीनजुमल्याचे करार करणारा वकील इथे कामाचा नाही. हक्क एकदम विकत घेऊ नका. आधी ऑप्शन करार करा, म्हणजे थोड्या रकमेत ठरावीक मुदतीपर्यंत हक्क तुमच्यासाठी राखून ठेवले जातात आणि तेवढ्या काळात तुम्ही पटकथा आणि भांडवल जमवता. साखळीत एक जरी दुवा कच्चा असला तरी विमा कंपनी आणि वितरक दोघेही अडून बसतात.

क्वचित नशीब उलटंही फिरतं. १९६८ च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'चं नाव ऐन वेळी बदलताना कॉपीराइटची ओळ गळाली. त्या काळच्या अमेरिकन कायद्यात ती ओळ नसली की संरक्षणच जायचं, त्यामुळे तो चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला. हात साफ करायला नवख्यांसाठी तो सर्वांत सुरक्षित आहे. मात्र पुढे निघालेल्या इतर झोंबीपटांमधली पात्रं आणि प्रसंग उचलता येत नाहीत, हे भान ठेवा.

कोणते भाग खरे मानायचे?

मालिका दहा भागांची असेल तर त्यातल्या घटना एकमेकींना हमखास छेद देतात. तुमच्यासमोर साधारण तीन वाटा असतात. सगळं घडलं असं धरायचं, जसं २०२२ च्या 'स्क्रीम'ने केलं. काही भाग घडलेच नाहीत असं मानायचं. २०१८ च्या 'हॅलोविन'ने १९७८ चा पहिला भाग तेवढा धरला आणि बाकी सगळे सोडून दिले. किंवा मधल्या एखाद्या फटीत शिरायचं. 'सॉ' मालिकेतला म्हातारा खलनायक जॉन क्रेमर २००६ च्या तिसऱ्या भागात मेला, म्हणून २०२३ च्या दहाव्या भागाची गोष्ट पहिल्या आणि दुसऱ्या भागाच्या मधल्या काळात ठेवली. क्रेमरचं काम करणाऱ्या टोबिन बेलला त्यामुळे मुख्य भूमिका मिळाली आणि मालिकेत पहिल्यांदा या म्हाताऱ्याच्या नजरेतून पूर्ण गोष्ट दिसली.

भाग सोडून देण्याबद्दल माझं मत ठाम आहे. सोय म्हणून सोडू नका. त्यातून भीती परत मिळत असेल तरच सोडा. १९८१ च्या दुसऱ्या 'हॅलोविन'ने पहिल्या भागात वाचलेली नायिका लॉरी ही मायकेलची बहीण असल्याचं सांगितलं, तेव्हापासून त्याच्या मागे लागण्याला एक कारण मिळालं. २०१८ मध्ये ते नातं पुसलं गेलं आणि मायकेल पुन्हा कारण नसलेला झाला. लॉरीच्या वाट्याला तो त्या रात्री योगायोगाने आला होता, आणि तरीही तिचं सगळं आयुष्य त्या रात्रीनेच घडवलं. एक नातं खोडल्याने एवढी जागा मोकळी झाली. पहिल्या पायरीत केलेली खुलाशांची यादी इथे काढा आणि प्रत्येक ओळीपुढे लिहा: हे गेलं तर भीती वाढेल की नुसता गोंधळ कमी होईल?

वाट कोणतीही घ्या, मागचा एकही भाग न पाहिलेल्या माणसाला गोष्ट कळली पाहिजे. पूर्वकथा सांगणाऱ्या पात्राला ती सांगण्याची किंवा काढून घेण्याची निकड असावी. २०१८ च्या 'हॅलोविन'मध्ये गुन्ह्यांवर पॉडकास्ट करणारे दोघे लॉरीला भेटायला येतात. त्यांना माहिती हवी असते, तिला ती द्यायची नसते. त्या ओढाताणीत चाळीस वर्षांचा इतिहास प्रेक्षकाला कळून जातो आणि वर्ग भरल्यासारखं वाटत नाही.

मधल्या वर्षांनी काय केलं?

माझ्या दृष्टीने हा या सगळ्या कामाचा गाभा आहे. मूळ चित्रपट करणाऱ्यांकडे जे अजिबात नव्हतं, असं एकच भांडवल तुमच्याकडे आहे: उलटून गेलेला काळ.

१९६० च्या 'सायको'चा पुढचा भाग १९८३ साली आला. अभिनेता अँथनी पर्किन्स तोच, पण आता मध्यमवयीन. पहिल्या भागातला खुनी नॉर्मन बेट्स २२ वर्षं मनोरुग्णालयात काढून घरी परततो आणि प्रश्न असा उभा राहतो, की हा बरा झाला आहे का आणि त्याला बरं राहू दिलं जाईल का. पहिल्या भागात ज्याला घाबरलो त्याच्यासाठी आता जीव तुटतो. ही कल्पना १९६१ साली सुचूच शकली नसती.

काळ जागेवरही काम करतो. १९९२ चा 'कँडीमॅन' शिकागोच्या कॅब्रिनी-ग्रीन या सरकारी वसाहतीत घडतो. पुढे तिथले उंच मनोरे पाडले गेले आणि परिसरात महागडी घरं उभी राहिली. २०२१ च्या भागाने हाच बदल गोष्टीत घेतला: माणसं हलवली, भिंती पाडल्या, तरी त्या जागेवर झालेला अन्याय कुठे जातो? आणि काळ साधनांवरही काम करतो. १९९६ च्या 'स्क्रीम'ची सुरुवात घरातल्या फोनने होते. २०२२ च्या भागात मुलगी मोबाइलवरून घराची सगळी कुलपं लावते आणि पुढच्या क्षणी ती एकेक करून उघडू लागतात. ओळखीतल्याच कोणाची तरी घरात शिरण्याची वाट, हा नियम तोच. वाट मात्र आजची.

'ब्लडलाइन्स'ने केलेला विचार मला फार आवडतो. १९६८ साली एक तरुणी पूर्वसूचनेमुळे मोठी दुर्घटना टाळते. म्हणजे जी माणसं मरायची होती ती जगली, त्यांना मुलं झाली, नातवंडं झाली. मरणाच्या हिशेबात ही सगळी पिढी असायलाच नको होती! जुना नियम अक्षरही न बदलता त्याच्यात कुटुंब आलं, आजी-नातीचं नातं आलं आणि पाच भागांत कधी नव्हती ती माया आली.

सरावासाठी एक करा. मूळ चित्रपटाच्या शेवटी वाचलेल्या प्रत्येक माणसाचं, जागेचं आणि वस्तूचं पुढच्या वर्षांचं चरित्र लिहा. कुठे राहिला, कोणाशी बोलणं बंद झालं, रात्री दिवा लावून झोपतो का. यातलं नव्वद टक्के पडद्यावर येणार नाही. उरलेल्या दहातून तुमचा चित्रपट निघेल.

जुने कलाकार

पटकथा पूर्ण होण्याआधी त्यांच्याशी बोला. ते पात्र त्यांनी तुमच्यापेक्षा जास्त काळ अंगावर वागवलेलं असतं, त्यांच्याकडे सांगण्यासारखं असतं. मोबदला त्यांच्या वजनाला शोभेल असा द्या. 'स्क्रीम'च्या सहाव्या भागात मालिकेची मूळ नायिका नेव्ह कॅम्पबेल नव्हती. देऊ केलेला मोबदला आपल्या योगदानाला साजेसा नव्हता, असं तिने २०२२ साली जाहीरपणे सांगितलं होतं. सातव्या भागासाठी तिला परत बोलावण्यात आलं.

बोलावलंत तर काम द्या. 'एक्झॉर्सिस्ट: बिलीव्हर'मध्ये एलेन बर्स्टिन पन्नास वर्षांनी मूळ चित्रपटातल्या आईच्या भूमिकेत परतली, पण थोड्याच वेळात जखमी होऊन रुग्णालयाच्या खाटेवर पडते आणि गोष्ट तिच्याविना पुढे जाते. एवढ्या मोठ्या अभिनेत्रीला ट्रेलरपुरतं आणल्यासारखं वाटतं. याउलट 'ब्लडलाइन्स'मध्ये आधीच्या भागांतला जुना कलाकार टोनी टॉड याचा प्रसंग लहानसाच आहे. तो तेव्हा खूप आजारी होता. दिग्दर्शकांनी त्याला शेवटचे शब्द स्वतःच्या मनाने बोलायला सांगितले. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो गेला आणि चित्रपट त्यानंतर प्रदर्शित झाला. आपल्याला निरोप दिला जातो आहे, हे चित्रपटगृहात बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं.

हयात नसलेल्या कलाकाराचा चेहरा तंत्राने परत आणण्याचा मोह होईल. २०२४ च्या 'एलियन: रोम्युलस'मध्ये इयन होमचा चेहरा वारसांच्या संमतीने वापरला, तरी अनेकांना ते खटकलं. २०२३ पासून अमेरिकन कलाकार संघटनेच्या करारात अशा वापरासाठी संमतीचे नियम आले आहेत. माझा सल्ला: करू नका. एक रिकामी खुर्ची किंवा भिंतीवरचा फोटो पुरतो.

नव्या पात्रांबद्दल थोडक्यात. जुन्या पात्राशी त्यांचं नातं काहीही असो, त्यांना स्वतःची एक अडचण हवी, जी मारेकरी आला नसता तरी राहिली असती. आणि ती मूर्ख नकोत. दार उघडायचं असेल तर ते उघडण्यावाचून गत्यंतर नाही अशी परिस्थिती लिहा.

मारेकरी, मुखवटा, आवाज

१९७८ च्या मायकेलचा मुखवटा म्हणजे 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा दुकानातून आणलेला स्वस्त मुखवटा. भुवया काढल्या, डोळ्यांची भोकं मोठी केली, पांढरा रंग फवारला, झालं. चित्रपटाचं बजेटच तीन-सव्वातीन लाख डॉलरचं होतं. त्या चेहऱ्यावर कुठलाच भाव नाही, त्यामुळे पाहणारा स्वतःची भीती त्यावर लावतो. २०१८ मध्ये तोच मुखवटा चाळीस वर्षं पडून सुरकुतल्यासारखा, तडकल्यासारखा घडवला. नवा केला असता तर खेळण्यासारखा दिसला असता.

मारेकऱ्याला नवी ताकद देऊ नका, तो पळत नसेल तर पळवू नका. त्याची चाल करणारा माणूस काळजीपूर्वक निवडा. खांदे, मान वळवण्याचा वेग, थांबण्याची पद्धत यांनीच तो ओळखू येतो.

मृत्यूचे प्रसंग लिहिताना 'ब्लडलाइन्स'मधली अंगणातली मेजवानी पुन्हा पुन्हा पाहा. बर्फात पडलेला काचेचा तुकडा, मुलं उड्या मारताहेत ते ट्रॅम्पोलिन, त्याच्याखाली पडलेला दंताळा, सगळं आधी दाखवून ठेवलेलं आहे. प्रेक्षक एकेका वस्तूकडे धास्तावून पाहतो, प्रत्येक धोका जवळून जातो, आणि जीव घेतं ते गवत कापण्याचं यंत्र. दचका एका क्षणात संपतो. ही धास्ती पाच मिनिटं टिकते, आणि तिला पैसेही कमी लागतात.

आवाजाला चेहऱ्याइतकंच महत्त्व द्या. 'हॅलोविन'ची धून पाच मात्रांची आहे, म्हणून कानाला ती सतत एक पाऊल चुकल्यासारखी वाटते. मूळ दिग्दर्शक-संगीतकार जॉन कारपेंटर २०१८ साली मुलाला आणि आणखी एका साथीदाराला घेऊन संगीतासाठी परतले. 'स्क्रीम'च्या फोनवरचा आवाज पहिल्या भागापासून रॉजर जॅक्सन देतात. मूळ धून शक्य तितकी उशिरा आणि पूर्ण एकदाच वाजवा. दर दहा मिनिटांनी वाजली की ती जाहिरात होते.

रक्ताच्या बाबतीत शक्य तेवढं प्रत्यक्ष करा आणि पुसटशी सुधारणा संगणकावर. 'ईव्हिल डेड राइझ'साठी सुमारे ६,५०० लिटर खोटं रक्त वापरल्याचं दिग्दर्शक ली क्रोनिन यांनी सांगितलं आहे. असं काम असेल तर प्रत्येक कपड्याचे अनेक जोड शिवून घ्या, पात्राच्या अंगावर कोणत्या दृश्यात कुठे किती डाग आहेत याचे फोटो काढून ठेवा, आणि दृश्य पुन्हा घ्यायचं तर साफसफाईला किती वेळ लागतो तो वेळापत्रकात धरा. नवख्यांचं वेळापत्रक हटकून इथे कोसळतं.

पैसा आणि प्रदर्शन

२०१८ चा 'हॅलोविन' एक-दीड कोटी डॉलरमध्ये झाला आणि त्याने २५ कोटींहून जास्त कमावले. 'सॉ'च्या दहाव्या भागाचं बजेट १ कोटी ३० लाखांच्या आसपास होतं. भयपट कमी पैशात चांगला होतो, कारण कमी जागा, कमी माणसं आणि अंधार हे त्याचे मित्र आहेत. 'बिलीव्हर'च्या निर्मितीचा खर्चही सुमारे ३ कोटींचाच होता; ओझं होतं ते हक्कांच्या किमतीचं. तीन भाग आधीच विकत घेतले, की पहिल्या भागाला स्वतःच्या पायावर उभं राहण्याआधीच पुढच्या दोघांचा भार वाहावा लागतो. एक चित्रपट करा. पूर्ण शेवट असलेला.

संकलन झालं की दोन वेगळे गट बसवून दाखवा: मालिकेचे जाणकार आणि एकही भाग न पाहिलेले. दोघांना एकत्र बसवलंत तर जाणकारांच्या टाळ्यांवर नवखे हसतात आणि तुम्हाला खरं काही कळत नाही. नवख्यांना कुठे कंटाळा आला त्या जागा आधी कापा. बहुतेक वेळा तिथे जुन्या भागांना केलेले मुजरे असतात. ट्रेलरमध्ये शेवटच्या अर्ध्या तासातलं काहीही देऊ नका, वितरकाने कितीही आग्रह केला तरी.

नवख्याला हे काम मिळतं कसं?

हक्क विकत घेण्याची ऐपत नसलेल्यांसाठीही वाट आहे. उरुग्वेच्या फेडे अल्वारेझने २००९ साली स्वतःचा एक लघुपट यूट्यूबवर टाकला. तो हॉलिवूडमध्ये पाहिला गेला आणि २०१३ चा 'ईव्हिल डेड' त्याच्याकडे आला. पुढे 'एलियन: रोम्युलस'ही. २०२२ चा 'स्क्रीम' हाती येण्याआधी त्या चित्रपटाच्या दोन्ही दिग्दर्शकांनी २०१९ साली स्वतंत्र कथेचा भयपट करून दाखवला होता. म्हणजे जुन्या मालिकेचं दार स्वतःच्या गोष्टीने उघडतं. चाहत्यांनी हौसेने केलेले, जुनीच पात्रं वापरणारे लघुपट कायद्याच्या दृष्टीने जोखमीचे असतात आणि त्यातून तुमची स्वतःची नजर दिसत नाही. तुमच्या आवडत्या मालिकेचा नियम घ्या, पात्रं सोडा, आणि दहा मिनिटांचा नवा चित्रपट करा.

मग बोलावणं आलं तर प्रस्ताव मांडा. झॅक लिपोव्हस्की आणि अ‍ॅडम स्टाइन यांनी 'ब्लडलाइन्स' मिळवताना ऑनलाइन बैठकीतच करामत केली: त्यांच्यामागे आग लागल्यासारखं झालं, ती विझली, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि तेवढ्यात छताचा पंखा कोसळून एकाचं मुंडकं उडालं. सगळं आधी बनवून ठेवलेलं. मालिकेचा नियम आपल्याला कळला आहे, हे त्यांनी एका मिनिटात करून दाखवलं.

तुमचा प्रस्ताव पाच-सहा पानांच्या वर नेऊ नका. पहिल्या पानावर नियमाचं एक वाक्य आणि मधल्या वर्षांनी काय बदललं त्याचे दोन परिच्छेद. नंतर कोणते भाग खरे धरले आणि का. मग कथा, शेवटासकट. शेवट लपवून ठेवलेला प्रस्ताव कोणी गंभीरपणे घेत नाही. एक मृत्यूचा प्रसंग पूर्ण लिहून द्या, एकच, पण असा की वाचणाऱ्याने वाचता वाचता खोलीतल्या वस्तूंकडे एकदा पाहून घ्यावं. आणि पाठवण्याआधी समोरच्याकडे त्या मालिकेचे हक्क आज खरोखर आहेत ना, हे वकिलाकडून पुन्हा तपासून घ्या.